उंबरदऱ्याची भाऊबीज

"तुझी झाली, माझी शाबूत आहे," यदू म्हणाला आणि सायकलवरून उतरून माझ्या मागच्या चाकाकडे असा बघायला लागला, जसं काही तो काटा मी घरून बरोबर आणला होता.

बाभळीचा काटा होता, चांगला बोटाएवढा. निलंग्याच्या पुढे, सीमेकडच्या त्या भागात बांधाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालायची पद्धत होती आणि त्यातले काटे गाडीवाटेवर पसरलेले असत. आदल्या दिवशी आमच्या दोघांच्याही सायकली आळीपाळीने पंक्चर झाल्या होत्या आणि सोल्युशनची ट्यूब आम्ही पार पिळून संपवली होती. दिवाळीचा पाडवा होता. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, वर ऊन आणि माणूस म्हणून दिसेल तर शपथ.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"बघू," यदू म्हणाला.

हा त्याचा आवडता शब्द. चहा घेऊ या का, बघू. पुढचा मुक्काम कुठे, बघू. यदुनाथ कधी कशाला नाही म्हणायचा नाही आणि हो म्हणताना त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. माणूस मात्र गोड. उंच, सावळा, हसला की समोरचा पाघळलाच पाहिजे असा. विद्यापीठात आम्ही एकाच वर्गात इतिहास शिकलो. पुढे त्याने मराठवाड्यातल्या पडझड झालेल्या देवळांवर प्रबंध करायला घेतला आणि मी त्याच्या टेपचं दुसरं टोक धरायला लागले. खांब मोजायचा तर टेपच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंच. दोन वर्षं मी ते टोक धरून होते आणि त्या दोन वर्षांत मी त्याची कोण, हे त्याने एकदाही तोंडाने सांगितलं नव्हतं.

म्हणून तर मी त्या सहलीला आले होते. घरी सोलापूरचं स्थळ येऊन थांबलं होतं. मुलगा बँकेत, घरचं बरं, बोलायला सरळ. नाव ठेवायला जागा नव्हती आणि त्याचाच मला राग यायचा. दिवाळी झाली की होकार कळवायचा असं वडिलांनी ठरवलं होतं. "तुझ्या मनात दुसरं कुणी असेल तर आत्ताच सांग," असंही ते एका दुपारी पेपर खाली ठेवून म्हणाले होते. काय सांगणार? यदू बघू म्हणतोय, असं सांगणार? मी नाही म्हणाले. मग विभागातली सगळी मुलंमुली अभ्यासदौऱ्याला चाललीत अशी थाप मारली, डब्यात चिवडा-शंकरपाळे भरले, सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि आले. परत जाईपर्यंत याने बोललंच पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सायकलवर असले की मला त्याच्या चालीने चालवणं जमायचं नाही. मी भरधाव पुढे जायची, एखाद्या वळणावर पाय टेकून थांबायची, तो आला की पुन्हा निघायची. तो मागून दर दगडापाशी उतरत, शेतातल्या माणसांशी गप्पा मारत, सावकाश यायचा. जीव नुसता टांगलेला असायचा माझा. रात्री अंग दुखायचं ते चढाने नव्हे, थांबून थांबून.

सायकली ढकलत आम्ही उंबरदरा गावात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. पहिल्याच घरापुढे एक बाई पाडव्याचा पांडव, म्हणजे शेणाची बाहुली, घालून त्याच्याभोवती झेंडूची फुलं खोचत बसली होती. साठीची असेल. नऊवारीचा काष्टा कसलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने आधी सायकलींकडे बघितलं, मग माझ्या पायातल्या बुटांकडे, मग यदूकडे.

"कुठनं आलाव? काय शोधलालाव?"

"पडकं देऊळ आहे ना इथे? ओढ्यापलीकडे?" यदूने विचारलं.

"हाय की. पर तिथं देव न्हाई आता. देवाचा हात मोडला, मग गावानं पूजा सोडली. मोडक्या देवाला कोण पुजणार?" ती उठून उभी राहिली. "आन् ही कोण?"

हा प्रश्न प्रत्येक गावात पहिल्या दोन मिनिटांत येई. तरुण मुलगा, तरुण मुलगी, दोघांच्या दोन सायकली आणि बरोबर मोठं माणूस कुणी नाही. पहिल्या दिवशी एका गावात एका म्हाताऱ्याने असंच विचारलं आणि यदू पापणीही न लववता म्हणाला होता, "बहीण. सख्खी." बाहेर आल्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. थाप लागू पडायची. मला आत बायकांत अंथरूण मिळे, याला ओसरीवर. वर दोघांना भाकरी-पिठलं फुकट. धर्मशाळेला किंवा हॉटेलला पैसे घालवायची आमची ऐपतच नव्हती. आमचे सगळे पैसे एका कापडी पिशवीत होते आणि ती पिशवी माझ्या खांद्याला. यदूकडे पैसा टिकत नसे. दुसऱ्या दिवशी त्या थापेचं मला थोडं कमी हसू आलं. तिसऱ्या दिवशी आलंच नाही.

"बहीण," यदू म्हणाला. "सख्खी."

"व्हय का?" बाई म्हणाली. "चेहरा न्हाई मिळत."

"ती वडिलांवर गेली. मी आईवर."

"असंल. असंल." तिने हात झटकले. "या घरात. सण हाय, दारातनं कुणाला लावून देऊ नाई."

तिचं नाव सोजरबाई. घरात ती एकटीच होती. मालक दुसऱ्या दिवशीच्या भाऊबीजेसाठी त्यांच्या बहिणीच्या गावाला गेले होते, मुलगा-सून लातूरला. तिचा स्वतःचा भाऊ, तात्या, सकाळी सायकलवरून येणार होता. यदूने चाक दाखवलं तशी ती म्हणाली, "मग काय, झालं की. तात्याच्या पिशवीत सुलेशन-बिलेशन सगळं असतंय. गावात दुकान हाय एक, पर ते सणाचं उघडत न्हाई. सकाळच्याला तात्या लावून देतील."

म्हणजे मुक्काम करणं आलं. यदू खुशीत होता. मी नव्हते. सहल संपत आली होती. उंबरदऱ्याचं देऊळ हे शेवटचं. त्यानंतर निलंग्याला जाऊन एसटी पकडायची, की मी माझ्या घरी आणि तो त्याच्या.

जेवायला सोजरबाईने आम्हाला समोरासमोर बसवलं. पुरणाची पोळी, आमटी, तळलेल्या कुरडया. ती चुलीपुढे बसून वाढत होती आणि आमच्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, खेड्यातली बाई, शहरातल्या मुलीला बघतेय. यदूला कुरडई फार आवडते. मी माझ्या ताटातली उचलून त्याच्या ताटात टाकली. त्याने न बघता खाल्ली. तो सोजरबाईंना देवळाबद्दल विचारण्यात गुंग होता. गाभाऱ्याच्या चौकटीवर काय कोरलंय, नंदी आहे का, ओढ्याला पूर कधी येतो.

"तुझं लगीन झालं का गं माय?" तिने मधेच मला विचारलं.

"नाही, मावशी."

"ठरलंय?"

"ठरेल आता दिवाळीनंतर," मी म्हणाले आणि यदूकडे बघितलं. त्याने पोळीवर तूप घेतलं.

"आन् भावाचं?"

"त्याचं त्यालाच माहीत."

"बघू," यदू हसत म्हणाला. "घाई काय आहे?"

सोजरबाई हसली नाही. तिने माझ्या ताटात एक कुरडई वाढली. मी ती खाल्ली. ठसका लागेपर्यंत कोरडी लागली.

सकाळी जाग आली तर घरभर उटण्याचा वास. सोजरबाईने बंब पेटवून पाणी तापवलं होतं. मला आधी न्हायला पाठवलं, मग यदूला. दारात ठसठशीत रांगोळी. आणि उन्हाची तिरीप ओसरीवर येते न येते तोच सायकलची घंटी वाजवत तात्या आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हँडलला पिशवी, तोंडात दात मोजके. बहिणीला बघताच म्हणाले, "सोजरे, फराळाचं आधी, ववाळायचं मागनं."

"आधी पाटावर बसा. खायाचं काय, खाशालच."

ओसरीत पाट मांडला होता, त्याच्याभोवती रांगोळीची महिरप. तात्या टोपी घालून बसले. सोजरबाईने ताट घेतलं. निरांजन, सुपारी, अंगठी, कुंकू, अक्षता. टिळा लावला, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी फिरवली, ओवाळलं आणि पुटपुटत इडापिडा घालवली. तात्यांनी ताटात नोट ठेवली, वर लुगडं ठेवलं आणि दोघंही म्हातारी एकमेकांकडे बघून लहान मुलांसारखी हसली. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. आई आम्हाला भाऊबीजेला अंगणात नेऊन चंद्राला ओवाळायला लावायची. दरवर्षी मला त्याचा कंटाळा यायचा, कारण चंद्र कधी पाटावर येऊन बसला नाही.

तात्या उठले. सोजरबाईने निरांजनात तूप घातलं, वात पुढे सारली आणि ताट माझ्यापुढे धरलं.

"घे."

"काय?"

"काय म्हंजी? भाऊबीज हाय. भाऊ हाय. ववाळ की."

मी यदूकडे बघितलं. तो खांबाला टेकून चहा पीत होता. त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि लगेच गेलीसुद्धा.

"घरी गेल्यावर ओवाळेन, मावशी," मी म्हणाले. "आई वाट बघत असेल."

"आज कधी पोचणार घरला? दिवस सरंल. सणाच्या दिशी भाऊ समोर असताना बिनववाळता ठिवायचा? आमच्यात न्हाई चालत. बस रं लेकरा पाटावर."

तात्यांनीही मान डोलावली. "बसा बसा. मी तवर पंक्चर काढतो."

माझ्या हातात ताट होतं. जड पितळी. ते हातात आल्यावर माझं सगळं लक्ष यदूकडे लागलं. आता हा बोलणार, असं मला वाटलं. आता याला बोलावंच लागेल. नाहीतर निदान हसण्यावारी नेईल, पळून अंगणात जाईल, पोट दुखतंय म्हणेल, काहीही करेल. पाटावर बसणार नाही. आमच्याकडे खोट्यानाट्यानेसुद्धा कुणी असं ओवाळून घेत नाही. वर्गातली मुलं राखीपौर्णिमेला घराबाहेर पडायची नाहीत, आवडणाऱ्या मुलीने राखी बांधली तर काय, म्हणून. एक तर संडासात लपून बसला होता. हे यदूला माहीत नव्हतं असं नाही. त्या मुलाची थट्टा करण्यात तोच पुढे होता.

यदूने कप खाली ठेवला. बाहीला हात पुसला. आणि येऊन पाटावर बसला.

मांडी घालून, पाठ ताठ करून, रीतसर. रुमाल काढून डोक्यावर घेतला. मग माझ्याकडे वर बघून अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "उरक लवकर. ऊन डोक्यावर यायच्या आत देऊळ बघायचंय."

आणि कपाळ पुढे केलं.

त्यावेळी माझ्या मनात काय आलं ते मला आजही स्वच्छ आठवतं. राग आला. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि त्यानंतर फारसा आलेला नाही. पण रागाच्या तळाशी एक विचित्र शांतपणा होता. कितीतरी दिवस दारापाशी उभं राहावं, आणि आतून कुणीतरी येऊन एकदाची कडी लावून घ्यावी, तसं. सोजरबाई माझ्या मागे उभी होती. मी थोडा वेळ तशीच थांबले. निरांजनाची ज्योत माझ्या श्वासाने हलत होती. सोजरबाईनेही घाई केली नाही. यदूने डोळे मिटले होते.

मी अंगठ्याने त्याच्या कपाळावर कुंकू लावलं. ओढून, नीट, वरपर्यंत. अक्षता लावल्या. सुपारी आणि अंगठी फिरवली. मग ओवाळलं, घाईघाईत उरकून नव्हे, सावकाश, तात्यांना सोजरबाईने ओवाळलं होतं तसं. त्याला उदंड आयुष्य मिळो, असं मी मनात म्हटलं आणि खरंच म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका माणसाला ओवाळत होते.

"ववाळणी?" सोजरबाई म्हणाली.

यदूने खिसे चाचपले. काही नव्हतं. असणार कुठून? मग त्याने हात लांब करून माझ्याच खांद्याच्या पिशवीत घातला, नोट काढली आणि माझ्या ताटात टाकली. तात्या ते बघून खदाखदा हसले. यदूही हसला. मी वाकून त्याला नमस्कार केला. तो माझ्याहून सहा महिन्यांनी लहान होता, पण त्या दिवशी मी हिशेब केला नाही.

पंक्चर निघाली होती. आम्ही ओढ्यापलीकडे गेलो.

देऊळ खरंच सुंदर होतं. शिखर पडलेलं, अर्धा मंडप ढासळलेला, गाभाऱ्यात रानतुळस माजलेली. पण उरलेले खांब असे घोटीव की बोट लावलं तर सरकेल. भिंतीवरच्या एका बाईचे दोन्ही हात तुटले होते तरी ती मान वेळावून निवांत उभी होती. यदू वेड्यासारखा इकडून तिकडे पळत होता. हे देऊळ कुठल्याच यादीत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मी टेपचं टोक धरलं. त्याने आकडे लिहून घेतले. दोन वर्षं केलं तेच. फक्त माझ्या अंगातली तगमग कुठे गेली होती कोण जाणे. मी एका जागी उभी राहू शकत होते.

त्याच्याही ते लक्षात आलं असावं. तिसऱ्या खांबापाशी त्याने टेप गुंडाळली आणि पडलेल्या तुळईवर बसला. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलं होतं.

"वृंदा, तू आज गप्प का?"

"काही नाही. दमले."

"मी काल रात्री विचार करत होतो." तो खडे उचलून एका हातातून दुसऱ्या हातात टाकत होता. "तू म्हणालीस ना, दिवाळीनंतर ठरेल. ते सोलापूरचं. तू खरंच हो म्हणणार आहेस?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, म्हणू नकोस." त्याने खडे फेकून दिले. "मी घरी गेलो की आईशी बोलतो. आपल्याबद्दल. आता बोलायलाच पाहिजे. प्रबंध व्हायला दीड वर्ष आहे, पण त्याचं काय, होईल काहीतरी. लग्न करू आपण."

दोन वर्षं मी हे वाक्य ऐकायला कान टवकारून बसले होते. ते कसं येईल, कुठे येईल, मी कशी बघेन, सगळं ठरवून झालं होतं. आता ते आलं, आणि समोर बसलेल्या माणसाच्या कपाळावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता.

"मी तुला ओवाळलंय, यदू," मी म्हणाले.

त्याला आधी कळलंच नाही. मग तो हसला. "अगं, ते नाटक होतं. त्या बाईचं समाधान."

"तुझं नाटक होतं."

"आणि तुझं?"

"मी मनापासून ओवाळलं."

"काहीतरीच काय बोलतेस? तू देव मानत नाहीस, उपास करत नाहीस. कुंकवाच्या एका बोटाने तू माझी बहीण झालीस होय?"

"देवाचा यात काय संबंध? मी ताट धरून उभी होते ना, तेवढा वेळ तुझा होता. एका बाईपुढे आणि एका म्हाताऱ्यापुढे तुला एवढंच म्हणायचं होतं, की ही माझी बहीण नाही. ती दोन माणसं तुला आयुष्यात परत भेटणारसुद्धा नव्हती. त्यांच्यापुढे तुझं तोंड उघडलं नाही. आईपुढे कसं उघडेल?"

"आपल्याला बाहेर काढलं असतं त्यांनी."

"काढलं असतं. मग?"

"वृंदा, तू एका साध्या गोष्टीचं..." तो उठला, माझा हात धरायला पुढे झाला आणि मधेच थांबला. मला नेमकं तेव्हा कळलं, की तोही ते नाटक समजत नाहीये. त्याचा हात हवेतच राहिला. मग त्याने तो खिशात घातला.

"घरी गेल्यावर बोलू," तो म्हणाला. "शांतपणे बघू."

मी टेपचं माझं टोक तुळईवर ठेवलं आणि सायकल घेऊन निघाले. त्याने हाक मारली नाही. त्याला उरलेले खांब मोजायचे होते.

पुढचं थोडक्यात सांगते. सोलापूरला मी नकार कळवला. वडील महिनाभर बोलले नाहीत. मी लातूरला एका शाळेत नोकरी धरली, लग्न केलं ते सात वर्षांनी, माझ्या मनाने आणि मला ‘बघू’ न म्हणणाऱ्या माणसाशी. यदूचा प्रबंध झाला, त्याचं पुस्तक निघालं, त्यात उंबरदऱ्यावर अख्खं प्रकरण आहे. सुरुवातीच्या ऋणनिर्देशात त्याने माझं नाव घातलं आहे, भगिनीसमान सहाध्यायी म्हणून. ते वाचून मी इतकी हसले की नवरा उठून बघायला आला. लबाडी त्यात कणभर नाही. यदू कुणाशी वाईट वागला असं मी आजही म्हणणार नाही.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं.

देवळावरून मी परस्पर निलंग्याला जाणार होते, पण पथारी सोजरबाईच्या घरी होती. गेले तर तात्या फराळ करून ओसरीवर घोरत होते. ती परसात तांदूळ निवडत बसली होती. मला एकटीला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"भाऊ कुठाय?"

"देवळात. मी पुढे जाते, मावशी. तो येईल मागून."

मी परसात उन्हाला टाकलेली पथारी गुंडाळायला लागले. ती बघत राहिली. मग म्हणाली, "काय म्हणला?"

माझे हात थांबले.

"कोण काय म्हणाला?"

"त्योच. लगीन करू म्हणला का न्हाई अजून?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर थट्टा नव्हती, रागही नव्हता. खोटं बोलायला माझ्याकडे बळ उरलं नव्हतं.

"म्हणाला. आत्ता. देवळात."

"आन् तू?"

"नाही म्हणाले."

तिने मान हलवली. कोंबड्यांना हुसकावलं, लुगड्याचा पदर सारखा केला.

"तुम्हाला कधी कळलं, मावशी?"

"काल जेवतानाच की. सख्खी बहीण भावाच्या ताटातलं उचलून खाती माय. मी तात्याच्या ताटातलं आजून खाते. तू आपल्या ताटातली कुरडई त्याच्या ताटात टाकलीस, आन् त्यानं खाल्ली का न्हाई ते बघत बसलीस."

"मग," माझा आवाज चढला, मला आवरता आला नाही, "मग सगळं कळलेलं असताना मला ताट कशाला दिलंत? मला कशाला ओवाळायला लावलंत?"

"मी कुठं लावलं? मी ताट दिलं." ती शांतपणे म्हणाली. "म्हणलं, बघावं तर. पाट दावला की पोरगं उठून हुबं ऱ्हाईल. कुणीबी ऱ्हातंय. म्हणंल, मावशी, ही माझी बहीण न्हाई. पुरुषाला एकदा तोंडानं बोलायला लावलं की मग त्याला मागं फिरता येत न्हाई, म्हणून म्हणलं, ह्या पोरीचं काम करून टाकू."

"आन् मग तुम्हाला बाहेर काढलं असतं असं वाटलं व्हय तुला? सणाच्या दिशी?" ती सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाली. "आत दिव्याच्या देवळीखाली दुसरा पाट पुसून ठिवलाय बघ. दोघांना शेजारी बसवून जेवू घालणार हुते मी."

मी पथारी सायकलला बांधली. आत जाऊन बघितलं नाही.